कारलं, मेथी, जांभळाची बी : ‘संशोधनाने सिद्ध’ म्हणजे नक्की काय सिद्ध?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आई ६४ वर्षांच्या आहेत, टाइप टू मधुमेह आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. मामांनी एक फॉरवर्ड पाठवला : कारलं, मेथी, जांभळाची बी, गुळवेल, सगळं ‘आंतरराष्ट्रीय संशोधनाने सिद्ध’, आणि खाली शोधनिबंधांच्या लिंका. तेव्हापासून आई सकाळी रिकाम्या पोटी कारल्याचा रस घेतात, मेथी भिजवलेलं पाणी पितात, रात्री जांभळाच्या बियांची पूड घेतात, आणि आता गोळ्या निम्म्यावर आणू या म्हणतात. तुम्ही लिंका उघडल्यात तर निबंध खरेच निघाले. डॉक्टरांना विचारलंत तर ते म्हणाले, ‘असल्या नादी लागू नका.’ मग खरं कोणाचं?

निबंधही खरे आहेत आणि डॉक्टरही बरोबर आहेत. ते कसं, हे सांगायला थोडा वेळ लागेल. त्याआधी एक तातडीची गोष्ट.

गोळ्या स्वतःहून कमी करू नका, हे तुम्हाला ठाऊकच असेल. पण तुमच्या घरात उलट्या बाजूचाही धोका आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. मेटफॉर्मिन एकट्याने साखर सहसा फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड नेऊ शकते, कारण ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. सकाळी फक्त कडू रस, त्यावर ती गोळी, आणि नाश्ता पूजेमुळे तासभर लांबला, असं होऊ देऊ नका. घाम फुटला, हात थरथरले, धडधडलं, बोलण्यात गोंधळ वाटला, तर ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली आकडा असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात ढवळून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

आता मूळ प्रश्नाकडे. मी औषधशास्त्र शिकवलं. वनस्पतींच्या अर्कांवर आधी प्रयोगशाळेत आणि पुढे रुग्णांवरच्या चाचण्यांमध्ये बरीच वर्षं काम केलं. आयुर्वेद विरुद्ध ॲलोपथी या कुस्तीत मला रस नाही. कोणताही निबंध हातात आला की मी एकच गोष्ट आधी पाहतो : ज्या वस्तूवर हे संशोधन झालं, तीच वस्तू रुग्णाच्या ग्लासात आहे का? वनस्पतीचं नाव तेच असतं. पण भाग कोणता, तो कशात काढला, किती दिला, कोणाला दिला, कशाशी ताडून पाहिला, हे सगळं बदललं की निष्कर्षही दुसऱ्याच वस्तूचा होतो.

तुमच्या लिंकांपैकी बहुतेक उंदरांवरच्या प्रयोगांच्या आहेत. प्रयोगशाळेतल्या उंदराला मधुमेह नसतो, तो करावा लागतो. स्ट्रेप्टोझोटोसिन किंवा ॲलॉक्सान नावाचं रसायन टोचतात, त्याने इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मरतात आणि काही दिवसांत साखर चढते. आईंचा आजार असा झालेला नाही. शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं झालं, स्वादुपिंड वर्षानुवर्षं जास्त राबलं आणि मग थकलं. दोन्हीकडे रक्तात साखर वाढलेली दिसते, पण वाट वेगळी आहे.

ॲलॉक्सानच्या प्रयोगांत आणखी एक मेख आहे. हे रसायन फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे कण, तयार करून पेशी मारतं. त्यामुळे ते टोचण्याआधी काही दिवस उंदराला त्या कणांना निष्प्रभ करणारा कुठलाही बऱ्यापैकी अँटिऑक्सिडंट अर्क पाजला, तर थोड्या पेशी वाचतात आणि साखर कमी चढते. निबंधाच्या शीर्षकात मात्र येतं ‘मधुमेहविरोधी गुणधर्म’. प्रत्यक्षात दिसलेलं असतं ते विषबाधेपासूनचं संरक्षण. आठ-दहा वर्षांच्या मधुमेहाला त्याचा काय उपयोग, हा प्रश्न त्या निबंधाने विचारलेलाच नसतो. लिहिणाऱ्यांनी लबाडी केलेली असते असं नाही. प्राथमिक चाळणी म्हणून हे प्रयोग ठीक आहेत. त्यांचा फॉरवर्ड झाला की ते बिघडतात.

मात्रेचा हिशेब करून बघा. अशा निबंधात दर किलो वजनामागे ४०० मिलिग्रॅम अर्क हा आकडा नेहमी दिसतो. मोठ्या जातीच्या उंदराची मात्रा माणसासाठी बदलताना साधारण सहाने भागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज जवळपास ४ ग्रॅम अर्क. आणि हा अर्क आहे, पूड नव्हे. समजा दहा ग्रॅम सुक्या फळातून एक ग्रॅम अर्क निघाला, तर रोज ४० ग्रॅम वाळवलेलं कारलं झालं. ताजं किती लागेल ते तुम्हीच काढा.

अर्क कशात काढला हेही तितकंच महत्त्वाचं. प्रयोगशाळेत बहुधा अल्कोहोल वापरतात. कारल्यात ज्या घटकाचं नाव सगळे घेतात ते चारँटिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. अल्कोहोलने काढलेल्या अर्कात ते भरपूर येईल, गाळलेल्या रसात फारसं येणार नाही. रसात कारल्याचे दुसरे घटक असतील, त्यांचा काही परिणामही असेल, पण मग निबंधाचा हवाला देता येत नाही.

माणसांवर कारलं तपासलं गेलंय का? हो. थायलंडमध्ये नव्याने निदान झालेल्या रुग्णांना चार आठवडे कारल्याच्या वाळलेल्या गराच्या कॅप्सूल दिल्या, दिवसाला ५००, १००० आणि २००० मिलिग्रॅम अशा तीन गटांत, आणि चौथ्या गटाला १००० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन. २०११ साली ते प्रसिद्ध झालं. फक्त सर्वांत मोठ्या मात्रेत फरक दिसला आणि तोही मेटफॉर्मिनपेक्षा कमी. त्याआधी २००७ मध्ये फिलिपिन्समधल्या चाचणीत कारल्याच्या कॅप्सूलने एचबीएवनसीत, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या आकड्यात, म्हणण्यासारखी घट झाली नव्हती. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात चार चाचण्या आणि ४७९ रुग्ण होते. निष्कर्ष असा की कारल्याची शिफारस करण्याइतका पुरावा नाही. ‘कारलं काम करत नाही’ असं हा आढावा म्हणत नाही. चाचण्या छोट्या, थोड्या काळाच्या आणि कच्च्या आहेत, असं म्हणतो. या दोन वाक्यांतला फरक फॉरवर्ड करणारे पाळत नाहीत आणि कधीकधी डॉक्टरही पाळत नाहीत.

कारल्याची भाजी मात्र आईंनी खुशाल खावी. पिष्ट कमी, तंतू भरपूर, पोट भरतं. रस कशाला? गाळून चोथा टाकला की चांगला भागच गेला. कारलं कडू असणारच, पण याच कुळातल्या दुधीचा रस पिण्याचीही साथ आहे म्हणून सांगतो : दुधीचा रस कडू लागला तर घोटभरही गिळू नका, ओतून द्या. त्यातल्या कुकुर्बिटासिन या विषारी घटकांनी रक्ताच्या उलट्या आणि मृत्यू झाले आहेत. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, त्यावर तज्ज्ञसमिती नेमली होती.

आता मेथी. इथे मी जरा जास्त बोलणार, कारण तुमच्या यादीत खरा दम असलेली वस्तू हीच आहे आणि घरोघरी नेमकी हीच चुकीच्या पद्धतीने घेतली जाते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत १९८० आणि ९० च्या दशकांत मेथीवर शिस्तीचं काम झालं. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टाइप वन मधुमेहाच्या रुग्णांना तेल काढून टाकलेली मेथीपूड रोज १०० ग्रॅम दिली, दोन भाग करून दोन्ही जेवणांत मिसळून. दहा दिवसांत उपाशीपोटीची साखर उतरली आणि लघवीतून जाणारी साखर निम्म्याहून खाली आली. १०० ग्रॅम मेथी रोज खाणं कोणालाही जमणार नाही. पुढचे अभ्यास २५ ग्रॅमवर आले आणि टाइप टूच्या रुग्णांमध्ये सहा महिने चालले, तिथेही फायदा दिसला. आणखी एका अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांना तीन वर्षं रोज १० ग्रॅम दिली, तर न घेणाऱ्यांच्या तुलनेत कमी जण मधुमेही झाले.

हे का घडतं तेही बऱ्यापैकी कळलेलं आहे. मेथीदाण्याच्या वजनाचा जवळपास अर्धा भाग तंतूंचा आहे आणि त्यातला मोठा वाटा गॅलॅक्टोमॅनन या विरघळणाऱ्या तंतूचा. भिजवलेल्या मेथीला जो बुळबुळीतपणा येतो तो याचाच. आतड्यात त्याचा दाट गर होतो, अन्न हळू सरकतं, साखर हळू शोषली जाते आणि जेवणानंतरचा उसळलेला आकडा बसतो. इन्सुलिनशी संबंधित ४-हायड्रॉक्सिआयसोल्युसिन नावाचं अमिनो आम्लही मेथीत आहे, पण मुख्य भार तंतूवरच असावा असं माझं मत आहे.

आता आपल्याकडची पद्धत बघा. रात्री एक चमचा मेथी भिजवायची, सकाळी पाणी प्यायचं आणि दाणे कुंडीत टाकायचे. एक चमचा म्हणजे चार-पाच ग्रॅम, २५ ग्रॅमच्या अभ्यासातल्या मात्रेचा पाचवा हिस्सा. त्यातही काम करणारा भाग कुंडीत. बरं, पाणी प्यायचं ते पहाटे, जेव्हा पोटात थोपवायला अन्नच नाही. अभ्यासात मेथी जेवणात मिसळलेली किंवा जेवणाला लागून घेतलेली होती. म्हणजे संशोधन मेथीवरच झालंय, पण आईंच्या ग्लासातल्या मेथीवर नाही.

मेथी घ्यायचीच तर दाण्यासकट, जेवणाबरोबर घ्या. भाकरीच्या पिठात पूड मिसळा, भिजवून मोड आणून उसळीत घाला, ताकात ढवळा. एका चमच्यापासून सुरू करा आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा, नाहीतर गॅस आणि जुलाब होऊन आई चौथ्या दिवशी सोडून देतील. तंतूंचा दाट गर औषधाचंही शोषण अडवू शकतो, म्हणून मोठी मात्रा आणि इतर गोळ्या यांत दोनेक तासांचं अंतर ठेवा. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल, किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. घामाला, लघवीला मेथीचा वास येईल, त्याने घाबरू नका.

जांभळाच्या बियांबद्दल थोडक्यात. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा चहा मधुमेहावर लोकप्रिय आहे. तिथल्या संशोधकांनी तो नीट तपासला आणि २००६ मध्ये लिहिलं की साखरेवर परिणाम नाही. तुलनेला दिलेल्या नेहमीच्या गोळीने मात्र साखर उतरली. हा निबंध दाखवून ‘जांभूळ निकामी’ म्हणणारे मला भेटले आहेत. तेही चूकच. आपल्याकडे पान नव्हे, बी वापरतात. पान निकामी ठरल्याने बी निकामी ठरत नाही, तसं उंदरात बी चालली म्हणून आईंना चालेल असंही नाही. बियांवर माणसांत मोठी, काटेकोर चाचणी माझ्या पाहण्यात नाही. मी माझ्या आईला दिली नसती. जांभळं मात्र हंगामात मूठभर जरूर दिली असती.

गुळवेल काढून टाका. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले. पुढे देशातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. यातल्या काहींना आधीपासून मधुमेह किंवा स्वप्रतिकाराचे आजार होते. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला, आणि बाजारात गुळवेलीच्या नावाखाली तिच्या जवळची दुसरी जात विकली जाते हा मुद्दाही पुढे आला. मला तो मुद्दा पटतो. काष्ठौषधींच्या दुकानांतून एकाच नावाने आणलेले नमुने तपासल्यावर वेगवेगळे निघाल्याचं मी पाहिलेलं आहे. पण ग्राहकाच्या दृष्टीने त्याने काय फरक पडतो? वाळलेल्या तुकड्यावरून जात ओळखणं तुम्हाला जमणार नाही, दुकानदारालाही जमेलच असं नाही. मुंबईतच औषधशास्त्रज्ञ डॉ. शरदिनी डहाणूकर यांच्यासारख्यांनी गुळवेलीवर मोलाचं संशोधन केलेलं आहे. त्या संशोधनाचा मान राखूनही मी हेच म्हणेन की मधुमेहासाठी अंगणातली वेल ठेचून रोज पिऊ नये.

मामांचा पुढचा मुद्दा तुम्ही लिहिलाय : ‘डॉक्टरांना झाडपाला म्हटलं की ॲलर्जी.’ त्यांना एवढंच सांगा, आई रोज घेतात ती मेटफॉर्मिनही झाडपाल्याचीच नात आहे. युरोपात गॅलेगा नावाची एक रानटी वनस्पती जुन्या काळापासून वापरात होती. तिच्यातलं गॅलेजिन साखर उतरवतं असं दिसलं, १९२० च्या दशकात ते रुग्णांना देऊन पाहिलं आणि विषारी म्हणून सोडून दिलं. त्याच रासायनिक घराण्यातलं मेटफॉर्मिन १९२२ मध्ये तयार झालं, पण पॅरिसच्या डॉ. झाँ स्टर्न यांनी रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले ते १९५७ साली. झाडातला उपयोगी धागा ठेवून विष बाजूला काढायला एवढा काळ लागला.

आणि आपल्या मुंबईचं उदाहरण घ्या. सर्पगंधा इथल्या वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरचे तिचे निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले आणि जगाने सर्पगंधेकडे वळून पाहिलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. रक्तदाब उतरवणारं ते औषध बरीच वर्षं जगभर वापरलं गेलं, आणि त्याने काही रुग्णांना नैराश्य येतं हेही मोजमाप सुरू झाल्यावरच कळलं. तेव्हा वनस्पतीत ताकद नसते असं कोणताही औषधशास्त्रज्ञ म्हणणार नाही. ताकद असते म्हणूनच ती मोजून द्यायची असते.

पुड्यांबद्दलही एक सूचना, कारण फॉरवर्डनंतर बहुधा तीच पायरी येते. कुणी ‘मधुमेहाची देशी पुडी’ दिली आणि चार दिवसांत साखर झपकन खाली आली, तर मला आनंद होत नाही, संशय येतो. वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात ग्लिबेनक्लामाइडसारखी मधुमेहाची नेहमीची गोळी कुटून मिसळल्याची प्रकरणं अनेक देशांत उघडकीला आली आहेत. २००८ मध्ये सिंगापुरात कामोत्तेजक म्हणून विकल्या गेलेल्या मालातल्या अशाच भेसळीने लोक साखर उतरून रुग्णालयात पोचले आणि काही दगावले. त्यांतल्या बहुतेकांना मधुमेहच नव्हता.

आता आईंचं काय? इथून पुढे काही गोष्टी मला माहीत नाहीत आणि त्यावरच बरंच ठरतं : त्यांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगणारा रक्तातला आकडा) किती, एचबीएवनसी किती, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास आहे का, त्यांना जेवण वेळेवर मिळतं का. वयस्क माणसात साखर थोडी जास्त राहिली तरी चालते, फार उतरलेली चालत नाही. म्हणून सरसकट सल्ला देत नाही. माझ्याकडे आल्या असत्या तर मी असं केलं असतं : रस, बियांची पूड, गुळवेल बंद. मेथी दाण्यासकट जेवणात. गोळ्या आहेत तशाच. जेवणाआधीची आणि दोन तासांनंतरची साखर आठवड्यातून दोन-तीन दिवस वहीत लिहायची. एचबीएवनसी आज एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा, कारण तो आकडा साधारण तेवढ्या काळाची सरासरी सांगतो. या तीन महिन्यांत आणखी काही नवं सुरू करायचं नाही. एकदम चार गोष्टी सुरू केल्या की कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

आकडे खरोखर उतरले तर गोळ्या कमी करायचा विषय डॉक्टरांपुढे आपोआप येईल, आणि ते बहुधा आधी ग्लिमेपिराइडला हात घालतील. आईंना हवंय तेच होईल, फक्त उलट्या क्रमाने : आधी आकडे, मग गोळ्या. डॉक्टरांपुढे जाताना ‘आई कारलं घेते’ असं ओशाळून सांगू नका. काय, किती, केव्हापासून घेतलं हे लिहिलेली वही पुढे ठेवा. ‘नादी लागू नका’ म्हणणारा डॉक्टरही वही बघितली की वेगळं बोलतो, असा माझा अनुभव आहे.

मामांकडून पुढची लिंक येईलच. ती माणसांवरच्या चाचणीची असेल आणि भारतात झालेली असेल, तर निबंधात सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक शोधा. ही भारताची वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही आहे, २००९ पासून चाचणीची नोंद तिथे सक्तीची आहे आणि ती कुणालाही फुकट पाहता येते. चाचणी सुरू होण्याआधी संशोधकांनी काय मोजायचं ठरवलं होतं ते तिथे लिहिलेलं असतं. निबंधात तेच मोजलंय की दुसरंच काहीतरी, एवढं ताडून बघा. नोंदच सापडली नाही तर ती लिंक बाजूला ठेवा आणि मामांना मेथीच्या उसळीची कृती पाठवा.